सहाशे शब्दांतली आई

४ ऑक्टोबर

ती. मामा,
सा. न.

स्क्रीनवर वाचून डोकं दुखतं, कागद पाठव, असं म्हणालास, म्हणून पोस्टाने पाठवतेय. सोबत चार पानं आहेत. तुमच्या विद्यापीठात रसायनशास्त्राला अर्ज करायचा, तर त्याला 'स्वतःविषयी निवेदन' जोडावं लागतं. सहाशे शब्द. एक जास्त झाला तरी अर्ज बाद. मी पाचशे एक्याण्णववर थांबलेय. मोजताना बाबा शेजारी बसले होते. 'व' हा शब्द धरायचा की अक्षर म्हणून सोडून द्यायचा, यावर आमचं भांडण झालं.

हाच विषय का शिकायचा, एवढंच लिहायचं आहे. वाटलं सोपं आहे. तीन रविवार गेले. पहिल्यांदा लिहिलं, 'लहानपणापासूनच मला विज्ञानाची आवड होती.' आईने वाचलं आणि म्हणाली, "लहानपणी तुला फक्त झोपायची आवड होती." ते फाडलं. मग खरं काय ते लिहिलं.

शाळा सुटली की मी आईच्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत जाऊन बसायचे, तुला माहीत आहे. आईकडे डागांचं टेबल आहे. वॉर्डातल्या चादरी मशीनमध्ये जाण्याआधी तिच्या हाताखालून जातात. रक्त दिसलं की ती चादर गार पाण्यात टाकते. नवीन आलेल्या बायका गरम पाण्यात टाकतात आणि डाग कायमचा बसतो. असं का, म्हणून मी विचारलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. आई म्हणाली, "उकडलेलं अंडं परत पातळ होतं का?" मामा, दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. पुढे आयोडिनचा डाग आला. आईने सी जीवनसत्त्वाची गोळी चुरून पाण्यात घातली आणि तपकिरी डाग माझ्यासमोर नाहीसा झाला. कुठे गेला, हे तिलाही सांगता येईना. मला ते शोधायचंय. तेवढंच लिहिलंय.

फक्त शुद्धलेखन बघ आणि कंटाळवाणं झालं असेल तिथे खूण कर. शेवटची तारीख पंधरा नोव्हेंबर आहे. आईचा भाजलेला हात ठीक आहे, थंडीत जरा जास्त थरथरतो.

तुझी भाची


१२ ऑक्टोबर

चि. भांडखोर भाचीस,
अनेक आशीर्वाद.

दोनदा वाचलं. एकदा मामा म्हणून, एकदा मास्तर म्हणून. मामाला आवडलं. मास्तराने कपाळाला हात लावला.

अगं, हे सगळं डागांवर आहे. तू कुठे आहेस यात? समितीसमोर नऊशे अर्ज असतात. एकेकाला तीन मिनिटं मिळतात. मी समाजशास्त्र शिकवतो ते पोटासाठी, पण अकरा वर्षं अर्ज करणाऱ्या मुलांचा मार्गदर्शन कक्ष सांभाळतोय ते हौसेने. तेव्हा माझं ऐक. वाचणाऱ्याच्या घशात आवंढा आला पाहिजे. अंडं आणि गार पाणी वाचून कोणाला आवंढा येणार?

आणि तुझ्याकडे काय कमी आहे? आईचा इस्त्रीच्या तापलेल्या रुळाखाली भाजलेला हात आहे. सदा घराबाहेर असलेला बाप आहे. वाफेने कोंदलेली खोली आहे. एवढं सगळं पदरात असताना पोरगी लिहिते काय, तर जीवनसत्त्वाची गोळी! तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी माझं निवेदन एका बैठकीत लिहिलं होतं. पाण्याच्या रांगेवर. आमच्या विभागातले जुने लोक अजून त्याची आठवण काढतात.

सोबत नवा मजकूर जोडलाय, टाईप करून घेतलाय. पाचशे अठ्ठ्याण्णव शब्द. खाली सही कर आणि पाठव. ताईला दाखवू नकोस. तिला यातलं काही कळणार नाही आणि उगाच मनाला लावून घेईल.

तुझा मामा


२० ऑक्टोबर

मामा,

न. वगैरे काही लिहीत नाही. तुझा मजकूर वाचला. हात धुवावेसे वाटले.

'स्वतःचं नाव लिहितानाही जिचा हात थरथरतो, अशा माऊलीने मला वाढवलं.' ही कोण बाई? जिने मला वाढवलं तिचा हात धडधाकट होता. रूळ फिरता असताना त्यात चादर अडकली, ती सोडवायला गेली आणि भाजली, त्याला चार वर्षं झाली. लिहिताना हात थरथरतो तो कातडी ओढली जाते म्हणून. तुझं वाक्य वाचून कोणालाही वाटेल की तिला लिहिताच येत नाही. तुला तेच वाटायला हवंय. मी काही कुक्कुलं बाळ नाही.

'वडिलांचा सहवास माझ्या नशिबी नव्हता.' बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. महिन्यातले दहा दिवस घरी असतात आणि त्या दहा दिवसांत इतका सहवास देतात की आई म्हणते, आता एकदाची गाडी काढा. हे लिहितेय तेव्हा ते मोरीतला नळ उघडून बसलेत आणि बेसूर गातायत. त्यांना जाऊन सांगू का, की तुम्ही माझ्या नशिबी नाही?

'शिळ्या रक्ताच्या वासात माझं बालपण करपलं.' अरे, लॉन्ड्रीत साबणाचा वास येतो! तू एकदा तरी आत पाऊल टाकलंयस का? आईचा हात भाजला तेव्हासुद्धा तुझा फोन आला होता, तू नव्हतास आलास.

तुला शुद्धलेखन बघायला सांगितलं होतं. तेवढं होत असेल तर बघ. माझे कागद परत पाठव.

भाची


२७ ऑक्टोबर

चि. भाचीस,

तुझे कागद परत पाठवतोय. शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत, लाल शाईने दाखवल्यात. काम झालं, मास्तर मोकळा.

आता मामा बोलतो. फार जीभ चालते तुझी. माझ्या मजकुरात एक खोटा शब्द दाखव. ताईचा हात थरथरतो की नाही? तुझा बाप वीस दिवस बाहेर असतो की नाही? वाचणारा काय समजतो हा वाचणाऱ्याचा प्रश्न. उरलेले आठशे नव्व्याण्णव जण काय करतात असं वाटतं तुला? सगळे हेच करतात. ज्यांना कुठे खरचटलंही नाही ते पट्टी बांधून येतात. तुझ्याकडे खरी जखम आहे आणि तू ती शालीखाली झाकतेस.

यादीत नाव लागलं नाही की तुझा बाणेदारपणा तुला कुठे घेऊन जाईल ते सांगू? त्याच डागांच्या टेबलाशी. ताईच्या शेजारच्या स्टुलावर. मग काढत बस आयुष्यभर डाग. मला मात्र म्हणू नकोस की मामाने सांगितलं नव्हतं.

तुझं भलं व्हावं म्हणूनच रागावतो.

मामा


१६ नोव्हेंबर

मामा,

अर्ज काल पाठवला.

भाची


९ जानेवारी

चि. भाचीस,
अनेक, अनेक आशीर्वाद!

मुलाखतीच्या यादीत तुझं नाव आहे! नऊशेतून साठ, आणि त्यात आमची भांडखोर! आज जेवणाच्या सुट्टीत समितीतल्या एकाने मला थांबवून सांगितलं, "या वर्षी एका मुलीने आईच्या थरथरत्या हाताविषयी काय लिहिलंय! आमच्या बाईंनी चष्मा काढून पुसला." मी ओळख दाखवली नाही, ताट उचलून निघून आलो. म्हणजे शेवटी पाठवलंस माझंच! शहाणी पोर. त्या एका ओळीच्या पत्रावरूनच मला शंका आली होती.

आता नीट ऐक. चोवीस जानेवारीला मुलाखत आहे. आईविषयी विचारतील. भरभर बोलू नकोस. आधी खाली बघ, मनात चारपर्यंत अंक मोज, मग बोल. आई आता सही करायला शिकतेय, तू शिकवतेस, असं काहीसं बोललीस तर फारच छान. मजकुराची प्रत जोडतोय, पाठ कर. आपण लिहिलेलं आपल्यालाच आठवलं नाही तर हसं होईल.

मला ओळख दाखवू नकोस. माझी खोली त्याच इमारतीत आहे, उगाच बोलायला जागा नको.

तुझा मामा


१७ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावर घराचा पत्ता होता आणि तुझं अक्षर होतं. नाव नव्हतं. मला वाटलं, मला लिहिलंयस. सहा वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, तरी वाटलं. म्हणून उघडलं.

अक्षर वेडंवाकडं येतंय. वाच तसंच. तीन बोटांची कातडी गेल्यापासून पेन धरलं की हात हलतो. दर ओळीला थांबावं लागतं. पण थांबत थांबत का होईना, पूर्ण करणार आहे.

पोरीला समोर बसवलं. तिने तुझी सगळी पत्रं काढून ठेवली. मी उभ्यानेच वाचली. 'एक खोटा शब्द दाखव' म्हणतोस. नाही दाखवता येत. शब्द सगळे खरे आहेत, मीच तेवढी खोटी आहे त्यात. आणि आता मी सही करायला शिकतेय म्हणे! अरे, तुझी पहिली सही मी गिरवून घेतली होती, खिडकीत पाटी टेकवून. तू माझ्या तीन वर्ग मागे होतास आणि तुझे निबंध मी लिहून द्यायचे. 'ताईला यातलं काही कळणार नाही.' हे लिहिताना तुझा हात नाही थरथरला?

एका बैठकीत लिहिलंस ना तू तुझं निवेदन? तिला ते तू सांगितलंस, खरं काय ते आता मी सांगितलं. सगळं सांगितलं. तुझ्यासमोर पुन्हा सांगते, म्हणजे विसरला असशील तर आठवेल.

त्या उन्हाळ्यात सार्वजनिक नळाच्या रांगेत मी उभी राहायचे. तू अंथरुणात असायचास. कोण कोणाला पुढे जाऊ देतं, कोणाची घागर पायाने मागे सरकवली जाते, नवीन भाडेकरणीशी पहिले पंधरा दिवस कोणी बोलत नाही आणि सोळाव्या दिवशी कोण बोलतं, हे सगळं मी वहीत लिहून ठेवायचे. माझ्या अर्जासाठी. शाळा संपवून मी तीन वर्षं घरीच थांबले होते, त्या वर्षी आपण दोन अर्ज आणले होते. मग अप्पांना झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली. घरात कोणीतरी राहायला हवं होतं. कोणी राहायचं, हे कोणी कोणाला विचारलंसुद्धा नाही. माझ्या अर्जाची आईने फोडणीच्या डब्याखाली घालायला घडी केली.

तू तीन दिवस कोऱ्या कागदापुढे बसून रडलास. अठरा वर्षांचा घोडा! माझ्याच्याने बघवेना. वहीतून उतरवून तुझं निवेदन मी लिहिलं, तुझ्या नावाने, तुझ्यासारखं अक्षर काढून. मुलाखतीला निघालास तेव्हा गाडी सुटता सुटता खिडकीतून विचारलंस, "ताई, त्या भाडेकरणीशी शेवटी कोण बोलतं गं?" मी गाडीबरोबर पळत पळत तुला सांगितलं.

त्याचा राग नाही मला. म्हणजे होता. इतक्या वर्षांच्या चादरींबरोबर तो धुऊन गेला. तू शिकलास, बरं वाटलं. पण पोरीने तुझ्या विद्यापीठाची पुस्तिका दाखवली. त्यात तुझ्या फोटोखाली छापलंय, 'अक्षरओळख नसलेल्या घरातून आलेले.' अप्पा रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, अर्धं तोंड वाकडं झाल्यावरही वाचायचे. त्यांना मेल्यावर अडाणी केलंस आणि मला जिवंतपणी. किती वर्षं चाललंय हे? किती टाळ्या मिळाल्या आमच्यावर?

पोरीने तो कागद पाठवला ही तिची चूक. तिला जे बोलायचं ते मी बोलले, ते तुला सांगणार नाही. मुलाखतीत काय करायचं ते तिचं ती ठरवेल. मी एवढंच सांगितलं की माझं नाव निघेल तेव्हा खाली बघायचं नाही.

तुझी ताई


२९ जानेवारी

मामा,

मुलाखत झाली. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते.

आधी माझं. पंधरा नोव्हेंबरला माझ्यापुढे दोन पाकिटं होती. शाळेतल्या बाईंना दोन्ही मजकूर दाखवले. त्यांनी तुझ्या मजकुरावर बोट ठेवलं, "हे लागेल." मला ते टेबलाशेजारचं स्टूल दिसलं. तू ते फार छान लिहिलं होतंस रे, स्टुलाचं. मी घाबरले आणि तुझं पाकीट टाकलं. परत येताना आई दारात भेटली आणि म्हणाली, "झालं का पाठवून? त्या अंड्याचं ठेवलंस ना?" मी म्हटलं, "हो." दोन महिने मी तिच्याशी तोंड चुकवून बोलत होते आणि तिला वाटत होतं की मला निकालाची काळजी लागलीय. मला तुझा जेवढा राग आलाय तेवढाच माझा आलाय. तेव्हा तू एकटाच आहेस असं समजून स्वतःची कीव करत बसू नकोस.

टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाई प्रमुख होत्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी फार मायेने विचारलं, "आई कशा आहेत? आता सही करता येते का त्यांना?"

मी वर बघून म्हटलं, "बाई, माझी आई वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणते. तिचा हात भाजलाय, म्हणून थरथरतो. आणि माझे वडील काल मला बसमध्ये बसवून, तीनदा उतरून, पुन्हा तीनदा चढून गेले. तुमच्यासमोरच्या कागदावर जे आहे ते वाचून जे वाटतं, तसं आमचं घर नाही."

बाईंनी कागद उलटा ठेवला. "हे तू लिहिलंस?"

"नाही. पण सही माझी आहे आणि पाठवलं मी."

"मग कोणी लिहिलं?"

"नात्यातल्या माणसाने. नाव सांगणार नाही."

कडेचे टकले सर म्हणाले, "नाव सांगितलंस तर तुझ्या बाजूने विचार करता येईल." मी नकारार्थी मान हलवली. तेव्हा ते जरा चिडूनच म्हणाले, "मग तुझं स्वतःचं असं काय आहे?" मी डागांचं सांगितलं. अंड्याचं सांगितलं, आयोडिनचं सांगितलं. त्यांनी विचारलं, डाग जातो म्हणजे आयोडिन कुठे जातं? मी म्हटलं, जात नाही, तिथेच असतं, रूप बदलतं म्हणून दिसत नाही, हे मी पुस्तकात वाचलंय, पण अजून मला पटेल असं कोणी समजावलेलं नाही. त्यांनी कागद ओढला आणि दहा मिनिटं मला समजावलं. मामा, ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात छान होती. शेवटी बाई म्हणाल्या, "मुली, तुझा अर्ज बाद करावा लागेल. नियम आहे." मी म्हटलं, "माहीत आहे." त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय." मी म्हटलं, "मलाही." आणि बाहेर आल्यावर रडले. जिन्यात, भिंतीकडे तोंड करून.

तुझी खोली वरच्या मजल्यावर होती. दार उघडं होतं. तू कोणत्या तरी मुलाला सांगत होतास, "इथे आजीचा मृत्यू टाक, परिणाम होतो." मी परत फिरले.

नाव घेतलं नाही ते तुझ्यावरच्या प्रेमाने नाही. कोणाच्या तरी नावाआड लपून आत जायचं, हे एकदा करून झालं होतं माझं.

भाची


१२ फेब्रुवारी

ताई,

तीन पत्रं लिहून फाडली. दर वेळी माझंच वाक्य मला आवडायला लागायचं आणि मग लाज वाटायची.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पण मी विसरलो नव्हतो असंही नाही आणि विसरलो होतो असंही नाही. पंचवीस वर्षं वर्गात ती रांग सांगतोय. सांगता सांगता मलाच दिसायला लागली. घागरीचा आवाजसुद्धा यायला लागला. एक दिवस वाटायला लागलं की मीच उभा होतो.

झालं ते झालं. पोरीचं नुकसान मी भरून काढतो. समितीच्या बाई माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. मी एक शब्द टाकतो. एखादी जागा शेवटी रिकामी राहतेच. तू फक्त हो म्हण.

धाकटा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

नाही.

शब्द टाकू नकोस. तुझे शब्द पुरे झाले आम्हाला. पोरीने दारातून आत जाताना जे खरं सांगितलं, ते तू मागच्या खिडकीतून पुसायला निघालास.

काही करायचंच असेल तर त्या बाईंसमोर उभा राहा आणि सांग, ते मी लिहिलं. बसून नाही, उभा राहून. नसेल जमत तर मला पुन्हा लिहू नकोस. मला एक ओळ लिहायला तुझ्यापेक्षा चौपट वेळ लागतो, तो मी वाया घालवणार नाही.

ताई


३ एप्रिल

ताई,

दीड महिना लागला. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. काल गेलो.

उभा राहून सांगितलं. बाईंनी बस म्हटलं तरी बसलो नाही. त्यांनी आधी विचारलं, "ती मुलगी तुमची कोण?" मग विचारलं, "अशी आणखी किती?" मला वाटलं होतं, हा प्रश्न येणार नाही. मी म्हटलं, "अकरा वर्षांत साठ-सत्तर असतील." मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुम्हालाच प्रवेश देत होतो." हे वाक्य मला फार लागलं. मार्गदर्शन कक्ष माझ्याकडून काढून घेतलाय. पुढे चौकशी होईल. शिक्षकांच्या खोलीत मी गेलो की बोलणं थांबतं. नवीन भाडेकरणीचं झालं होतं ना, तसं.

भाचीला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. या वर्षीचा शेरा तिच्या नावापुढे राहणार नाही, तसं बाईंनी लेखी दिलंय. कागद सोबत आहे. हे मी मागितलं नव्हतं, त्यांनीच दिलं.

रांगेचं मात्र सांगू शकलो नाही. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढं धैर्य अजून नाही. खोटं सांगण्यापेक्षा हे तरी तुला खरं सांगतो.

धाकटा


२१ नोव्हेंबर

मामा,

तुझी दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही कारण वेळ नव्हता, आणि द्यायचंही नव्हतं.

वर्षभर लॉन्ड्रीत काम केलं. आईच्या शेजारच्या स्टुलावरच. तू म्हणाला होतास तसं काही भयंकर नाही ते. पाय दुखतात आणि पर्यवेक्षक मूर्ख आहे, बाकी ठीक. रुळाला आता लोखंडी जाळी बसली. दोन वर्षं आई अर्ज करत होती, कोणी दाद देत नव्हतं. या वेळी मी त्या अर्जात आईचा हात कसा भाजला ते मिनिटामिनिटाने लिहिलं. एकही विशेषण घातलं नाही. सगळ्या बायकांनी सह्या केल्या. पंधरा दिवसांत जाळी आली.

नवीन निवेदन गेल्या आठवड्यात पाठवलं. तुला वाचायला पाठवत नाही. डागांच्या त्याच जुन्या कागदांवरून लिहिलंय, त्यांचं शुद्धलेखन आईने पुन्हा बघितलं. आठ चुका निघाल्या, म्हणजे तू गेल्या वर्षी एक सोडली होतीस. एका ठिकाणी मी तिच्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या, ती किती सोसते वगैरे. तिने पेन घेतलं आणि त्या खोडल्या. म्हणाली, "मला सोसायला लावू नकोस कागदावर. टेबलावर काय करते ते लिही." खोडताना रेघ सरळ आली नाही, पण चारही ओळी गेल्या.

आई तुझ्याविषयी बोलत नाही. परवा मात्र बाबांनी सहज विचारलं, "साला काय म्हणतोय?" तर म्हणाली, "उभा राहिला एकदा. अजून एकदा राहायचाय." मग चादरीच्या घड्या घालत बसली. यावरून काय समजायचं ते समज.

तू विचारलंस, राग गेला का? नाही गेला. 'इथे आजीचा मृत्यू टाक' हे आठवलं की परत येतो. त्या मुलाची आजी जिवंत असेल आणि त्याला डब्यात काहीतरी घालून देत असेल, असं मला सारखं वाटतं.

मुलाखत लागली तर जानेवारीत येईन. बसस्टँडवर घ्यायला येऊ नकोस आणि कोणापाशी ओळखही काढू नकोस. मुलाखत संपली, की निकाल काहीही लागो, मी सरळ जिना चढून तुझ्या खोलीत येणार आहे. दार लावून घे आणि चहा मागव. पत्रांतून भांडून माझं पोट भरत नाही.

भाची